समुपदेशनाच्या खोलीत मोबाइल ऐकतोय, मी काय करू?

ताई,

मी एका तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. काही महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी एक ॲप घेतलं. टेबलावर मोबाइल ठेवायचा, तो सेशन ऐकतो आणि संपल्यावर इंग्रजीत नोट्स तयार करून देतो. शिवाय आवाजावरून लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका देतो, म्हणजे या पेशंटला किती धोका आहे ते. डॉक्टर म्हणतात, ‘तुमचाच वेळ वाचतो, आणि संमती तर आपण घेतोच.’ संमती म्हणजे रिसेप्शनवरच्या नोंदणीच्या फॉर्मात अगदी खाली इंग्रजीत चार ओळी. परवा एक बाई बोलता बोलता थांबल्या, मोबाइलकडे बघून म्हणाल्या, ‘हे कोण ऐकतंय का?’ मी म्हटलं, ‘नाही हो, ते नोट्ससाठी आहे.’ त्यानंतर त्या फारसं बोलल्याच नाहीत.

आणखी एक. केस अडली की मी स्वतः मोबाइलवरच्या फुकट चॅटबॉटला विचारते. नाव बदलते. उत्तरं बरी मिळतात, आणि इथे मला सुपरव्हिजन द्यायला, म्हणजे माझ्या केसेसवर बोलून मार्गदर्शन करायला, कुणी अनुभवी माणूस नाही. हे चूक आहे का? कॉलेजची मुलंही हल्ली चॅटबॉटशी झालेलं बोलणं दाखवत येतात, ‘मॅडम, तो म्हणतो मला एडीएचडी आहे.’ (म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार.) त्यांना काय सांगू? नोकरी घालवायची नाही, पण रोज संध्याकाळी मन खातं.

– एक समुपदेशक

(गाव आणि ओळखीच्या खुणा काढल्या आहेत.)

•

त्या बाईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘हो’ होतं. मोबाइल ऐकत होता. त्यांचा आवाज कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जात होता, तिथे त्याचा मजकूर होत होता आणि त्यावरून कुणी न पाहिलेला एक प्रोग्राम त्यांच्या जिवाच्या धोक्याचा रंग ठरवत होता. तुम्ही ‘नाही हो’ म्हणालात ते फसवायला नाही, हे कळतं मला. समोरचं माणूस बिचकलं की आपण आधी त्याला सावरायला बघतो. पण बाईंना जे कळायचं ते कळलं, म्हणून त्या गप्प झाल्या.

तेव्हा बाकी सगळ्याच्या आधी हे करा. त्या पुढच्या वेळी आल्या की त्यांनी काही बोलायच्या आत सांगा: ‘गेल्या वेळी तुम्ही विचारलं होतं, हे कोण ऐकतंय का. मी नीट सांगितलं नाही. हा मोबाइल आपलं बोलणं नोंदवतो आणि कॉम्प्युटर त्याचा गोषवारा लिहितो. तुम्हाला नको असेल तर बंद करते. नको म्हटलंत म्हणून तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही.’ त्या ‘असू दे’ म्हणाल्या तरी त्या दिवशी बंदच ठेवा, आणि मोबाइल पालथा घालून टेबलावर ठेवू नका, बाहेर रिसेप्शनला देऊन या. आधी झालेलं रेकॉर्डिंग पुसायचं आहे का, हेही विचारा. ‘पुसा’ म्हणाल्या तर ते खरंच पुसलं गेलं याची कंपनीकडून लेखी खात्री मिळेपर्यंत पाठपुरावा तुमचा.

आता डॉक्टरांच्या ‘संमती घेतोच’बद्दल. तुमच्या क्लिनिकमध्ये येणारी बाई कशी येते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. एसटीने दोन तास, बरोबर नवरा नाहीतर सासू, रात्रभर झोप नाही, रांगेत नंबर लागलेला. रिसेप्शनवरच्या मुलीने बोट ठेवलं तिथे ती सही करते. त्या कागदावर घर लिहून दिलं असतं तरी तिने सही केली असती. माझी कसोटी अगदी साधी आहे: तिला ‘नको’ म्हणता आलं असतं का, आणि म्हटलं असतं तर तिचं काही बिघडलं असतं का? तुमच्या फॉर्मात ‘नको’चा रकानाच नसणार, पैज लावायला तयार आहे.

कायदाही याच बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि ती पाळण्याचं बंधन डॉक्टरइतकंच तुमच्यावरही येतं. कलम 24 पुढे जाऊन सांगतं की हा हक्क इलेक्ट्रॉनिक किंवा डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही लागू आहे. म्हणजे ‘ते तर क्लाउडवर आहे, आमच्याकडे नाही’ ही सबब चालत नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात दोन गोष्टी तुमच्या फार कामाच्या. संमती मागताना द्यायची सूचना संविधानाच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत वाचायचा पर्याय हवा. मराठी त्यात आहेच. आणि संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असायला हवं. चार इंग्रजी ओळींत यातलं काय बसलं असेल, तुम्हीच बघा.

संमती रिसेप्शनवर घ्यायचीच नाही. ती खोलीत, दार लावून, नातेवाईक बाहेर असताना, तुम्ही तोंडी घ्यायची, आणि मग मराठी कागदावर. एकदा घेतली म्हणजे कायमची झाली असंही नाही. विषय नवऱ्याच्या मारहाणीकडे वळला, घरातल्या कुणी लहानपणी केलेल्या अत्याचाराकडे वळला, की थांबून पुन्हा विचारायचं: ‘हे बंद करू का?’ माझं मत विचाराल तर अशा वेळी विचारूसुद्धा नका, बंदच करा.

नोट्सचा मुद्दा डॉक्टरांच्या बाजूनेही पाहते. दिवसभर ओपीडी करून रात्री केसपेपर लिहीत बसणं कुणाला आवडतं? लिहिण्याचा वेळ वाचला आणि तो माणसांशी बोलण्यात गेला तर ते चांगलंच आहे. पण बोलणं ऐकून मजकूर करणारी ही यंत्रं न बोललेलंही लिहितात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीच्या व्हिस्पर या प्रसिद्ध मॉडेलचा 2024 मध्ये अभ्यास झाला. सुमारे 1 टक्का ध्वनिफितींच्या मजकुरात कुणीच न उच्चारलेली वाक्यं किंवा वाक्यांश घुसलेले सापडले, आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त घुसखोरी अपायकारक होती, म्हणजे हिंसेचे उल्लेख, खोटे तपशील, असं काही. 1 टक्का ऐकायला थोडा वाटतो. पण हे कुणाच्या बाबतीत जास्त झालं? ज्यांच्या बोलण्यात शांत जागा जास्त होत्या, त्यांच्या. अभ्यासात ते अफेजियाचे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे बोलण्यावर परिणाम झालेले लोक होते. तुमच्या खोलीत लांब थांबे कोण घेतं? नैराश्यातला माणूस. रडू आवरणारा माणूस. जो बोलावं की नाही ते ठरवतोय तो. आपण त्या थांब्यात ऐकत असतो, आणि यंत्र कदाचित ती रिकामी जागा भरून टाकतं.

तुमचं ॲप कुठलं मॉडेल वापरतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. तपासून बघा. ज्यांनी मनापासून होकार दिला आहे अशा काही सेशनच्या नोट्स आधी स्वतः हाताने लिहा आणि मग ॲपच्या उघडा. मराठी बोलणं, त्यातही गावाकडचं, थेट इंग्रजी गोषवाऱ्यात जाताना काय गळतं, काय जास्तीचं येतं, ते तुम्हाला दिसेल. बाई म्हणाली ‘जीव नकोसा झालाय’ आणि गोषवाऱ्यात आलं ‘थकवा जाणवतो’, असं एकदा जरी सापडलं तरी ते डॉक्टरांना दाखवायला पुरेसं आहे. आणि एक लक्षात असू द्या. खाली सही तुमची असते. कलम 25 प्रमाणे रुग्णाला आपल्या उपचाराच्या मूलभूत नोंदी बघण्याचा हक्क आहे. उद्या त्या बाईंनी नोट्स मागितल्या, किंवा घटस्फोटाच्या खटल्यात त्या कोर्टात मागवल्या गेल्या, तर ‘ॲपने लिहिलं होतं’ हे उत्तर तुम्हाला देता येणार नाही. न वाचता सही करायची नाही, मग वेळ वाचो न वाचो.

ठिपक्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. तो बंद करा. आजच्या आज करता येण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल तर ही.

आत्महत्येचा धोका आधी ओळखता यावा म्हणून जगभर फार खटपट झाली आहे. 2017 मध्ये पन्नास वर्षांतल्या 365 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की आपल्याला माहीत असलेल्या धोक्याच्या खुणांवरून केलेलं भाकीत नाणेफेकीपेक्षा किंचितच बरं ठरतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने सप्टेंबर 2022 च्या स्वतःला इजा करण्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच लिहिलं: पुढे कोण आत्महत्या करेल याचं भाकीत करायला मोजपट्ट्या, म्हणजे गुण देणाऱ्या प्रश्नावल्या, वापरू नका, आणि कमी, मध्यम, जास्त अशी धोक्याची वर्गवारीही करू नका. लाल, पिवळा, हिरवा हे त्या वर्गवारीचंच रंगीत रूप आहे. नाइसने सांगितलं ते माणसांनी भरलेल्या मोजपट्ट्यांबद्दल. तुमच्याकडे तर आवाजाच्या चढउतारावरून, बहुधा दुसऱ्याच भाषेतल्या माणसांवर शिकलेल्या प्रोग्रामकडून, तेच काम चाललं आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून थेरपीत भावना किंवा मनःस्थिती ओळखायला एआय वापरण्यावर बंदी घातली. नोट्ससारख्या मदतीच्या कामाला त्याच कायद्याने मुभा ठेवली आहे, पण सेशन रेकॉर्ड होणार असेल तर लेखी माहिती आणि संमतीच्या अटीवर. आपल्याकडे तो कायदा लागू नाही, पण रेघ कुठे ओढायची याचा नमुना म्हणून डॉक्टरांना दाखवा.

लाल ठिपक्यापेक्षा हिरवा मला जास्त घातक वाटतो. लाल दिसला की निदान कुणीतरी थांबून विचारतं. हिरवा दिसला की डॉक्टरांचा हात पुढच्या फाइलकडे जातो. ज्याने मनाशी काही ठरवून टाकलंय असा माणूस कधी कधी अगदी शांत, स्थिर आवाजात बोलतो, हे तुम्हाला अनुभवाने ठाऊक असेल. त्याला थेट विचारावं लागतं: ‘मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्याने विचार मनात पेरला जात नाही. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचं हायसं वाटतं. हा प्रश्न तुम्ही प्रत्येकाला विचारत असाल, तर ठिपका काय नवं सांगणार?

डॉक्टरांना वाटत असेल मी नव्याला नाक मुरडते आहे. तसं नाही. भारताच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना मार्च 2020 मध्ये आल्या. त्यात लिहिलंय की एआयवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मने रुग्णाचं समुपदेशन करायचं नाही आणि औषधही लिहून द्यायचं नाही. निदानात, उपचारात ते डॉक्टरला मदत करू शकतं, पण अखेरचा शब्द नोंदणीकृत डॉक्टरने स्वतः रुग्णाशी बोलून द्यायचा. त्या सूचना दुरून उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी आहेत, तरी रेघ तीच आहे.

कंपनीला विचारायचे प्रश्न डॉक्टरांनी विचारायचे आहेत, तुम्ही नाही. आवाज किती दिवस ठेवता? तो कुठल्या देशात असतो? त्यावर तुमचं मॉडेल शिकवता का? तुमच्याकडचं कोण माणूस ते ऐकू शकतं? आम्ही ॲप सोडलं तर आमचं काय काय पुसाल आणि ते लेखी द्याल का? विक्री करणारा मुलगा ‘सर, सगळं एनक्रिप्टेड आहे’ एवढंच म्हणत राहिला तर समजा की उत्तर मिळालेलं नाही. फिनलंडमध्ये वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची मोठी साखळी होती. तिच्या सुमारे 33,000 रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्याचं 2020 मध्ये उघड झालं. चोराने कंपनीकडे खंडणी मागितली, आणि ती मिळेना तेव्हा एकेका रुग्णाला ईमेल पाठवून 200 युरो मागितले, नाहीतर तुमच्या थेरपीतल्या गोष्टी जाहीर करतो म्हणून. कंपनी दिवाळखोरीत गेली, गुन्हेगाराला 2024 मध्ये सहा वर्षांच्या वर शिक्षा झाली. पण जे बाहेर पडलं ते परत आत घालता आलं नाही. आणि तिथे गेल्या त्या लिहिलेल्या नोंदी होत्या. तुमच्याकडे आवाज साठतोय.

आता तुमच्या स्वतःच्या चॅटबॉटबद्दल. हो, चूक आहे. का करता ते समजतं, पण थांबवा. नाव बदलणं पुरत नाही. ‘बत्तीस वर्षांची, दोन मुली, नवरा एसटीत कंडक्टर, दीर शेजारच्या गावात शिक्षक, गेल्या वर्षी गर्भपात’ एवढं वाचून तुमच्या तालुक्यातले निम्मे लोक घर सांगतील. फुकटच्या चॅटबॉटमध्ये लिहिलेलं पुष्कळदा कंपनीकडे राहतं, आणि सेटिंग बदललं नसेल तर पुढचं मॉडेल शिकवायलाही वापरलं जाऊ शकतं. ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जुलै 2025 मध्ये जाहीरपणे सांगितलं की डॉक्टर, वकील, थेरपिस्ट यांच्याशी बोलण्याला जे कायदेशीर संरक्षण असतं ते चॅटजीपीटीशी बोलण्याला नाही. ते संरक्षण नाही हे सांगणारा त्या दुकानाचा मालकच आहे, मग आपण पेशंटची गोष्ट तिथे कशी ठेवायची? जुने संवाद असतील ते पुसा.

सामान्य प्रश्न खुशाल विचारा. ‘पॅनिक अटॅक आलेल्याला श्वासाचा व्यायाम मराठीत सोप्या शब्दांत कसा सांगू’, ‘ओसीडीत एक्स्पोजरच्या पायऱ्या कशा आखतात’ (ओसीडी म्हणजे मंत्रचळ, एक्स्पोजर म्हणजे भीती वाटते त्याला हळूहळू सामोरं जाणं), असं. त्यात कुणाचंच घर नाही. उत्तर मात्र पुस्तकाशी ताडून बघा. बाकी तुमची खरी गरज सुपरव्हिजनची आहे आणि ती चॅटबॉटने भागत नाही, कारण तो तुम्हाला कधी ‘तुम्ही त्या पेशंटवर चिडला आहात का?’ असं विचारणार नाही. पुण्या-मुंबईत ऑनलाइन सुपरव्हिजन देणारे अनुभवी लोक आहेत. पैसे लागतात. ते डॉक्टरांनी द्यावेत असं मी म्हणेन. ॲपच्या वर्गणीला पैसे निघाले तसे यालाही निघतील. जिल्ह्यातल्या चार समुपदेशकांचा महिन्यातून एकदा भेटणारा गट तर फुकटात जमतो.

राहिली मुलं. त्यांची टिंगल करू नका, आणि ‘ते मोबाइलचं बंद कर आधी’ असंही नको. माणूस यंत्रापाशी मन मोकळं करतो यात नवल काही नाही. 1966 मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम लिहिला, जो समोरच्याचीच वाक्यं प्रश्नात फिरवून परत करायचा. हे सगळं माहीत असलेली त्यांची सेक्रेटरीसुद्धा त्याच्याशी बोलायला बसली, आणि थोड्या वेळात तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. आजची यंत्रं कितीतरी पटीने चतुर आहेत, आणि आपल्या हॉस्टेलच्या पोराला रात्री दोन वाजता दुसरं कोण भेटणार?

त्याला म्हणा, ‘दाखव, आपण दोघं वाचू.’ मग उत्तर नको, त्याने विचारलेला प्रश्न बघा. ‘मला अभ्यासात लक्ष लागत नाही, मला एडीएचडी आहे ना?’ असं विचारलं की हे बॉट बहुतेक वेळा माना डोलावतात. एप्रिल 2025 मध्ये ओपनएआयने आपल्या मॉडेलचा एक बदल मागे घेतला तो याचमुळे. ते फारच हांजी हांजी करू लागलं होतं. मग त्याला सांगा की एडीएचडीच्या खुणा बारा वर्षांच्या आतच दिसायला लागतात, म्हणून आपण आई काय सांगते, शाळेतले शेरे काय आहेत ते बघू. झोप किती होते तेही विचारा. निम्मी गोष्ट तिथेच निघते.

त्या संवादात जगणं नकोसं झाल्याचं कुठे असेल तर एडीएचडी बाजूला ठेवा आणि आधी तेच बोला. क्लिनिक बंद असतानासाठी त्याच्या मोबाइलमध्ये 14416 हा टेली-मानसचा क्रमांक तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या. ती केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालते, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. बॉटशी बोलायचंच असेल तर बोल, पण त्या रात्री माणसाला फोन कर, असं स्पष्ट सांगा.

हे सगळं बोलताना डॉक्टरांना पुढची कल्पना सुचेल, की दोन भेटींच्या मधे पेशंटला आपणच बॉट देऊ. आधीच सांगून ठेवते. अमेरिकेतल्या नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशनने 2023 मध्ये माणसांची हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं आणि टेसा नावाचा बॉट पुढे केला. खाण्याच्या विकाराने त्रासलेल्या लोकांना तो वजन कमी करण्याच्या युक्त्या सांगू लागला, आणि संस्थेला तो बंद करावा लागला. उलट बाजूही आहे: अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या थेराबॉट या बॉटच्या 2025 च्या चाचणीत नैराश्याची लक्षणं खरोखर कमी झाली. पण तिथे संशोधक संवादांवर लक्ष ठेवून होते, आणि काही गंभीर दिसलं तर मधे पडायला तयार होते. तुमच्या क्लिनिकमध्ये रात्री ते कोण करणार, असा प्रश्न विचारा.

डॉक्टरांशी बोलाल तेव्हा ओपीडी संपल्यावर, एकटे असताना बोला. ‘सर, हे बेकायदा आहे’ अशी सुरुवात केलीत तर ते वकिलाला फोन करतील. त्यापेक्षा त्या बाईंचं सांगा, की पेशंट बोलायच्या थांबल्या. पेशंट बोलत नसतील तर नोट्स कितीही छान आल्या तरी उपयोग काय, हे त्यांना तुमच्याआधी कळेल. ते शेवटी डॉक्टर आहेत. मग तीनच मागण्या ठेवा: मराठी संमतिपत्र ‘नको’च्या रकान्यासकट, ठिपका बंद, आणि नोट्स तुम्ही तपासल्याशिवाय फाइलला लागणार नाहीत. तिन्हींना वेळ फार लागत नाही आणि पैसे जवळपास नाहीतच. नाहीच ऐकलं, तर तुमच्या पेशंटपुरती वही वापरायची परवानगी मागा, आणि त्यांनी काय उत्तर दिलं ते तारखेसह स्वतःपाशी लिहून ठेवा. नोकरी सोडण्याचा विचार त्यानंतरचा. त्यावर पुन्हा लिहा, मी उत्तर देईन.